गारपगारी आणि धुळीचा कण

फाल्गुनात आमच्या नागपूरकडे आभाळ काळवंडले, की शहरातली पोरे हरखतात आणि संत्र्याच्या बागाईतदाराच्या पोटात गोळा येतो. मी दोन्ही अनुभवले आहे. घरी असलो, तर परात घेऊन अंगणात गारा वेचायच्या. होळीच्या सुटीत काटोलजवळ मामाजींकडे असलो, तर ओसरीवर मुकाट बसायचे. अशाच एका दुपारी पंधरा-वीस मिनिटे गारा कोसळल्या. तोडणीला आलेली मृग बहराची फळे फुटली, अंबिया बहराची वाटाण्याएवढी फळे मातीत मिसळली. मामाजींनी एक गार उचलली, तळहातावर फिरवली आणि म्हणाले, “आमच्या आजोबांच्या वेळी गावाला गारपगारी होता.”

हा गारपगारी म्हणजे दंतकथा नव्हे. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी १९१६ साली मध्य प्रांतातील जातीजमातींवर ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात नागपूर-वऱ्हाडकडच्या या ग्रामसेवकांची नोंद आहे. गारांचे ढग दिसले, की गारपगाऱ्याने मारुतीसमोर उभे राहून ते परतवायचे. प्रसंगी स्वतःच्या अंगावर शस्त्र चालवून रक्त सांडायचे. त्याबद्दल शेतकऱ्यांनी त्याला धान्य द्यायचे. मामाजी सांगत, की गारा पडल्या, तर त्या वर्षी त्याच्या पायल्या कमी होत.

त्याला हसणारांनी युरोपाकडेही पाहावे. ऑस्ट्रियातील स्टायरिया प्रांतात आल्बर्ट श्टिगर नावाच्या द्राक्षबागाईतदाराने १८९६ पासून ढगांवर तोफांचे बार काढायला आरंभ केला. पाहता पाहता हजारो तोफा उभ्या राहिल्या. पुढे सरकारी चाचण्यांत त्या निष्फळ ठरल्या, तेव्हा कोठे धूर निवळला.

मग गार होते तरी कशी? शून्य अंशाला पाणी गोठते, असे आपण शाळेत शिकलो. ढगातला सूक्ष्म थेंब ते मानीत नाही! नागपुरात अंगाची लाही होत असली, तरी वर चार-साडेचार किलोमीटरांवर पारा शून्याखाली उतरतो. पण तिथले थेंब उणे दहा, उणे वीस अंशांतही द्रवच राहतात. शुद्ध थेंब तर जवळजवळ उणे अडतीस अंशांपर्यंत दम धरतो. त्याआधी गोठायला त्याला आधार लागतो, दुधाला विरजण लागते तसा. हे विरजण म्हणजे मातीचा, खनिजाचा, कधी सूक्ष्मजंतूचा कण. विरजणातले जंतू वाढतात, हा कण वाढत नाही. तो पाण्याच्या रेणूंना बर्फाच्या घडणीत बसायला साचा तेवढा पुरवतो. लिटरभर हवेत धूळ-धुराचे लक्षावधी कण असतात; पण उणे वीस अंशांवर हे काम साधणारा त्यांत जेमतेम एखादा. एकदा बर्फकण झाला, की तो भोवतालची वाफ ओढून घेतो आणि शेजारचे थेंब आटू लागतात. हे मर्म आल्फ्रेड वेगेनर यांनी १९११ मध्ये ओळखले आणि बर्गेरॉन यांनी पुढे पावसाला लावून दाखवले. उन्हाळी ढगात वर जाणारा वारा जबरदस्त असला, तर तो बर्फकण खाली येऊ शकत नाही. अंगावर थेंब गोठवून घेत फुगत जातो. कापलेल्या गारेत कांद्यासारखे पापुद्रे दिसतात, ते यामुळेच.

मग हे विरजण माणसाने घातले तर? १९४६ च्या जुलैत अमेरिकेत व्हिन्सेंट शेफर यांनी शीतपेटीत स्वतःच्या श्वासाचा ढग केला आणि त्यात शुष्क बर्फाचा खडा टाकला. क्षणात पेटीभर बर्फाचे स्फटिक लुकलुकले. त्याच वर्षी नोव्हेंबरात त्यांचे सहकारी बर्नार्ड व्हॉनेगट यांनी स्फटिकांच्या तक्त्यांतून बर्फाशी जुळणारी घडण शोधून सिल्व्हर आयोडाइड निवडले. आजतागायत तेच वापरतात. गारांविरुद्ध हिशेब असा : बर्फबीजे भरपूर पेरली, तर पाणी वाटले जाईल आणि एकही गार मोठी होणार नाही. कागदावर सुरेख! पण वादळी ढग प्रयोगशाळेत बसत नाही. विमान गेले नसते तर तो ढग किती गारा टाकता, हे कोण सांगणार? म्हणून अजूनही या उपायाला निर्विवाद पुरावा नाही.

आपल्या राज्याने २००३ मध्ये आणि २०१५ मध्ये ढगांत बीजे पेरली, ती पावसासाठी. सोलापूरकडे २०१८-१९ मध्ये पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने काटेकोर प्रयोग केले. त्यांत मात्र बर्फाचे विरजण नव्हे, तर ढगाच्या तळाशी पाणी शोषणारे क्षारकण सोडले. पाऊस सुमारे १८ टक्के वाढल्याचा निष्कर्ष निघाला. तोही मर्यादित क्षेत्रात. गारांचे दुखणे वेगळेच राहिले. २०१४ च्या फेब्रुवारीअखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत विदर्भ-मराठवाड्यात लाखो हेक्टरांवरची पिके झोडपली गेली, तेव्हा शेतकऱ्याच्या हाती पंचनाम्याखेरीज काही नव्हते.

२००३ साली विमानांची बातमी आली, तेव्हा मामाजी ऐंशीच्या घरात होते. मी त्यांना कण, विरजण, सारे समजावून सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकले.

“म्हणजे नवा गारपगारी आला म्हण की. याला धान्य कोण घालतं?”

“सरकार, मामाजी.”

“आणि गार पडली, तर पायल्या कोणाच्या कापायच्या?”

मी काही बोलण्याआधीच ते काठी घेऊन बागेकडे निघाले. पश्चिमेला ढग दाटत होते.