पदवी विद्यापीठाची, शिक्षण परळचं

कोणी पीएच.डी. झालं की आपण पहिला प्रश्न विचारतो, "कुठल्या विद्यापीठातून?" मला हा प्रश्न नेहमी अपुरा वाटतो. निदान मुंबईत, आणि निदान वैद्यकीय संशोधनात तरी. इथे कागदावरचा शिक्का एकाचा असतो आणि शिकवलेलं असतं दुसऱ्यानंच.

याचं मूळ जुनं आहे. १८५७ साली मुंबई विद्यापीठ निघालं ते लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर. परीक्षा घ्यायच्या, पदव्या द्यायच्या. शिकवायचं ते कॉलेजांनी. पुढे संशोधनाच्या पदव्या आल्या तेव्हा ही वाटणी उपयोगी पडली. जिथे वर्ग नाहीत, फळा नाही, अशा संस्थेत काम करूनही विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवता येऊ लागली.

आणि अशा जागा होत्या कुठे? गिरण्यांच्या परळमध्ये! हाफकिनसाहेबांची प्लेगची प्रयोगशाळा जुन्या गव्हर्न्मेंट हाऊसमध्ये १८९९ साली आली. १९२६ साली केईएम आणि जी. एस. मेडिकल कॉलेज उभं राहिलं. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी टाटा मेमोरियल हॉस्पिटल सुरू झालं. ते तेव्हा ना सरकारचं होतं ना विद्यापीठाचं, दोराबजी टाटा ट्रस्टचं होतं. तिथल्या प्रयोगशाळांचे प्रमुख होते डॉ. वसंत रामजी खानोलकर, लंडनला शिकून आलेले पॅथॉलॉजिस्ट. १९४४ साली त्यांनी मुंबईतल्या तोंडाच्या कॅन्सरच्या सलग १००० रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला. संशोधनाचा विषय त्यांना पुस्तकात शोधावा लागला नाही. तो तंबाखू चघळत बाहेरच्या बाकावर बसलेला होता.

आता कमल समर्थ यांची गोष्ट. जन्म पुण्याचा, १९१७चा. शाळा हुजूरपागा, कॉलेज फर्ग्युसन. वडील तिथेच जीवशास्त्र शिकवत. मुलीनं डॉक्टर व्हावं आणि डॉक्टरशीच लग्न करावं ही त्यांची इच्छा. मुलीनं दोन्ही केलं नाही. १९३९ साली लग्न झालं ते गणितज्ञ ज. त्र्यं. रणदिवे यांच्याशी, आणि १९४३ साली पुण्याच्या शेतकी कॉलेजातून एम.एस्सी. केलं ते सीताफळाच्या कुळातल्या वनस्पतींच्या गुणसूत्रांवर.

सीताफळ कुठे आणि कॅन्सर कुठे! एम.बी.बी.एस. नसलेल्या बाईला मेडिकल कॉलेजात जाऊन वैद्यकीय संशोधन करायचं म्हटलं तर दार कितपत उघडलं असतं, शंकाच आहे. टाटा मेमोरियलमध्ये मात्र खानोलकरांना पेशी वाचता येणारा माणूस हवा होता. पेशी वनस्पतीची की माणसाची, हा फरक शिकून भरून काढण्यासारखा होता. १९४९ साली कमलताईंना मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. मिळाली, मार्गदर्शक खानोलकर.

पुढे त्या अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला जॉर्ज गे यांच्याकडे ऊतिसंवर्धन शिकायला गेल्या. म्हणजे शरीराबाहेर, काचेच्या भांड्यात जिवंत पेशी वाढवण्याची कला. याच गे यांच्या प्रयोगशाळेत १९५१ साली हेन्रिएटा लॅक्स या रुग्ण बाईच्या पेशी, तिला न विचारता, वाढवल्या गेल्या. वॉर्ड आणि प्रयोगशाळा शेजारी असण्याची ही दुसरी बाजू, तीही विसरू नये.

कमलताई परत आल्या. १९५२ साली परळमध्येच इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर निघालं होतं. तिथे त्यांनी देशातली ऊतिसंवर्धनाची पहिली प्रयोगशाळा उभारली. उंदरांतल्या स्तनाच्या कॅन्सरवर काम केलं. आणि गंमत म्हणजे, या कॅन्सरच्या संस्थेत १९५८ साली बापट, रणदिवे आणि खानोलकर यांनी कुष्ठरोग्यांच्या गाठींतून मिळालेला एक जंतू पेशींच्या संवर्धनात वाढवला. तो कुष्ठरोगाचाच का, यावर वाद झाला, पुढे तो वेगळ्या गटातला ठरला. पण त्यापासून बनवलेल्या लसीनं दक्षिण भारतातल्या मोठ्या चाचणीत चांगलं संरक्षण दिल्याचं १९९८ साली प्रसिद्ध झालं. कॅन्सरच्या संस्थेत कुष्ठरोग कशाला, असं विचारणारं खातं तिथे नव्हतं, हे बरंच झालं.

अशा संस्थांचं सगळंच गोड नसतं. विद्यापीठाच्या विभागात चार प्राध्यापक असतात. एकाशी पटलं नाही तर दुसरा. इथे विद्यार्थी एकाच मार्गदर्शकाच्या हवाली. त्याचा निधी आटला, त्याची मर्जी फिरली, की वर्षं गेली. कमलताईंना खानोलकर मिळाले. ज्यांना तसं कोणी मिळालं नाही त्यांची नावं आपल्यापर्यंत पोचलेलीच नाहीत.

आता व्यवस्था बदलली आहे. ही संशोधन संस्था २००२ साली खारघरला गेली, आणि तिथली पीएच.डी. आता होमी भाभा राष्ट्रीय संस्थेची असते. प्रश्न मात्र तोच राहतो: शिकणाऱ्याच्या टेबलापासून रुग्ण किती लांब आहे?

निवृत्तीनंतर कमलताई नगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात आदिवासी मुलांच्या पोषणाची माहिती गोळा करत होत्या. पद्मभूषण मिळालेली बाई! मला त्यात नवल वाटत नाही. विषय समोरच्या बाकावर बसलेला असतो, हे त्या परळला शिकल्या होत्या. त्याची वेगळी पदवी कुठलंच विद्यापीठ देत नाही.