धुक्यातल्या घरट्याचा शोध



मराठीच्या निवृत्त अध्यापकाने या व्यासपीठावरून पॅसिफिक महासागरातील एका पाखराचा इतिहास सांगावा, याचे आपणांस नवल वाटेल. परंतु पुरावा कोणाचा मानावा, हा इतिहासाचा जुना प्रश्न या पाखराच्या कथेत मला जितका स्वच्छ दिसला, तितका पुष्कळशा राजकीय इतिहासांतही दिसला नाही.

पक्ष्याचे नाव मार्बल्ड मरलेट. लांबीने साळुंकीएवढा, पण तिच्याहून गुटगुटीत. अलास्कापासून कॅलिफोर्नियापर्यंतच्या किनाऱ्यालगत बुड्या मारून तो लहान मासे धरतो. कॅप्टन कुक यांची जहाजे १७७८ साली अलास्कातील प्रिन्स विल्यम साउंड या उपसागरात शिरली. त्या सफरीतून आलेल्या नमुन्यावरून लॅथम यांनी १७८५ मध्ये त्याचे वर्णन केले आणि १७८९ मध्ये ग्मेलिन यांनी लॅटिन नाव दिले. त्यातील ‘मार्मोराटस’ म्हणजे संगमरवरासारख्या नक्षीचा. नामकरण झाले, घर मात्र ठाऊक नव्हते. पुढे पावणेदोनशेहून अधिक वर्षे विद्वान हे घरटे शोधीत होते. समुद्रपक्षी म्हटला की घरटे कड्यावर, बेटावर नाहीतर बिळात, हा त्यांचा संस्कार! तो बराचसा अनुभवावर आधारलेला होता, म्हणूनच सुटता सुटेना.

आणि जंगलात लाकूड तोडणाऱ्या मजुरांना हा पक्षी परिचित होता. पहाटेच्या धुक्यात, महावृक्षांच्या शेंड्यांवरून त्याची आरोळी ते ऐकत. त्यांनी त्याला ‘फॉग लार्क’, म्हणजे धुक्यातला चंडोल, असे सुरेख नाव दिले होते. १९५३ साली कॅनडाच्या किनाऱ्यावरील हैदा ग्वाय बेटांवर एका लाकूडतोड्याने प्रचंड हेमलॉक वृक्ष पाडला, तेव्हा फांद्यांच्या ढिगाऱ्यात बधिर झालेला मरलेट आणि अंड्याच्या कवचाचे तुकडे मिळाले. तरी शंका उरलीच. १९६१ मध्ये सायबेरियातील ओखोत्स्कजवळ लार्च वृक्षावर एक घरटे आढळले. परंतु तिकडचा पक्षी आज वेगळी जाती मानला जातो. अखेर १९७० मध्ये ऑडुबॉन सोसायटीच्या नियतकालिकाने घरटे दाखवणाऱ्यास शंभर डॉलरचे बक्षीस जाहीर केले.

७ ऑगस्ट १९७४ रोजी कॅलिफोर्नियातील बिग बेसिन उद्यानात हॉइट फॉस्टर हा झाडांची निगा राखणारा कामगार एका डग्लस फर वृक्षावर चढला होता. जमिनीपासून सुमारे पंचेचाळीस मीटर उंचीवरच्या फांदीवर त्याला पडदेदार पायांचे पिल्लू बसलेले दिसले. शोध लागला तो असा, कामाच्या ओघात.

घरटे म्हणावे असे तिथे काही नसतेच. शतकानुशतके वाढलेल्या रुंद फांदीवरील शेवाळात एक खळगा आणि त्यात एकच अंडे. नर-मादी साधारण चोवीस-चोवीस तासांच्या पाळीने ते उबवतात आणि पुढे पिल्लासाठी समुद्रातून मासे आणतात. किनाऱ्यापासून ही झाडे कधी कधी पन्नास किलोमीटरहून आत असतात. पंख फुटले की पिल्लू एकटेच समुद्राकडे झेपावते. तरुण झाडांना अशा फांद्या नसतात. त्यामुळे घराचा पत्ता हाती आला तेव्हा रेडवुडच्या मूळ अरण्याचा फार मोठा भाग आरा-कुऱ्हाडीखाली गेलेला होता.

१९८९ मध्ये एक्झॉन व्हाल्डेझ जहाजाचे तेल सांडले ते नेमके प्रिन्स विल्यम साउंडमध्ये, आणि हजारो मरलेट मेले. १९९२ मध्ये वॉशिंग्टन, ऑरेगन व कॅलिफोर्निया या राज्यांत त्याला कायद्याचे संरक्षण मिळाले. १९९५ साली कॅलिफोर्नियातील एका राईची तोड न्यायालयाने थांबवली. त्या खटल्यात वादी म्हणून पक्ष्याचेच नाव होते. (आमच्या वकील माजी विद्यार्थ्यांनी हे जरूर वाचावे.) कावळे आणि निळे जे पक्षी मात्र कोणत्याच न्यायालयाला जुमानत नाहीत. सहलीतल्या उष्ट्याखरकट्यावर ते उद्यानांत जमतात आणि अंडी-पिल्ले पळवतात. म्हणून बिग बेसिनमध्ये पर्यटकांना अन्नाचा कणही मागे न ठेवण्याची ताकीद दिली जाऊ लागली.

ऑगस्ट २०२० मध्ये विजांनी लागलेल्या वणव्यात बिग बेसिनचे जवळजवळ सारे अरण्य होरपळले. जळालेल्या रेडवुडच्या बुंध्यांना काही महिन्यांतच हिरवे धुमारे फुटले. डग्लस फरला तसे फुटून येता येत नाही. ते वृक्ष मोठ्या संख्येने मेले.