शेतरस्त्याच्या हक्काची नोंद : मोजणी नकाशात काय असावे?

शेताला रस्ता नसेल तर तोडणीला आलेला ऊस, मळलेले सोयाबीन किंवा काढलेला कांदा वेळेवर बाहेर निघत नाही. अनेक गावांत शेतरस्ते तोंडी समजुतीवर चालतात. शेजारची जमीन विकली गेली किंवा भावाभावांत वाटणी झाली की ही समजूत मोडते. केवळ परवानगीने मिळालेली वाट मालक सहसा बंद करू शकतो. हक्क म्हणून लिहून, नोंदवून घेतलेली वाट मात्र जमिनीसोबत पुढच्या मालकाकडे जाते. त्यासाठी करारनाम्याइतकाच नकाशा महत्त्वाचा असतो.

आधी आपले प्रकरण ओळखावे

- चालू रस्ता अडवला असल्यास : मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदारांकडे दावा करावा. अडथळा झाल्यापासून ६ महिन्यांच्या आत दावा करणे आवश्यक आहे.
- शेताला रस्ताच नसल्यास : महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १४३ खाली अर्ज करावा. यात रस्ता इतरांच्या सर्व्हे नंबरच्या हद्दीवरून, म्हणजे बांधावरून मिळतो. शेताच्या मधून मिळत नाही.
- शेजारी संमतीने रस्ता देत असल्यास : दुय्यम निबंधक कार्यालयात करारनामा नोंदवावा. खालील माहिती मुख्यतः या प्रकारासाठी आहे, पण कलम १४३ च्या अर्जातही असा नकाशा उपयोगी पडतो.

नकाशाची गरज का?

नोंदणी अधिनियम, १९०८ च्या कलम २१ नुसार दस्तात मिळकत ओळखता येईल इतके वर्णन असावे लागते. दस्तात नकाशा असेल तर त्याची खरी प्रतही सोबत द्यावी लागते. ‘गटाच्या पूर्व बाजूने रस्ता’ एवढेच लिहिले तर रुंदी किती, बांधाच्या आत की बाहेर, वळण कुठे, असे प्रश्न उरतात. पुढचे वाद त्यावरूनच होतात.

मोजणीपूर्वी जमवावयाची कागदपत्रे

- दोन्ही जमिनींचे चालू सातबारा व ८-अ उतारे
- गाव नकाशा व गट नकाशा. उपलब्ध असल्यास टिपण व फाळणी नकाशा
- रस्ता देणाऱ्या गटातील सर्व सहहिस्सेदारांची संमती

गाव नकाशात तुटक दुहेरी रेषा गाडीमार्ग दाखवते (रुंदी १६.५ ते २१ फूट), तर तुटक एकेरी रेषा पायमार्ग (८.२५ फूट). आपला रस्ता आधीच नकाशावर असेल, तर नवा करार करण्यापूर्वी तहसील कार्यालयात विचारणा करावी.

मोजणीचा अर्ज तालुक्याच्या उप अधीक्षक, भूमी अभिलेख कार्यालयाकडे करावा. शेत रिकामे असताना मोजणी घ्यावी. उभ्या उसात हद्दीच्या खुणा सापडत नाहीत.

नकाशात या बाबी असाव्यात

१. गाव, तालुका, जिल्हा, दोन्ही गट क्रमांक व लगतचे गट.
२. उत्तर दिशा, प्रमाण व मोजणीची तारीख.
३. रस्ता सार्वजनिक रस्त्याला कुठे मिळतो व आपल्या शेतात कुठे संपतो.
४. एकूण लांबी, तसेच सुरुवातीला, शेवटी व प्रत्येक वळणावरची रुंदी.
५. हद्दीच्या कायम दगडापासूनची अंतरे. झाड किंवा कुंपण हा एकमेव आधार धरू नये.
६. मार्गातील विहीर, नाला, पाइपलाइन, विजेचा खांब व झाडे.
७. रस्त्याखाली जाणारे क्षेत्र.

क्षेत्राचा हिशेब सोपा आहे. २०० मीटर लांब व ३ मीटर रुंद रस्त्याला ६०० चौरस मीटर, म्हणजे ६ आर जमीन लागते. रुंदी ४ मीटर धरल्यास ८ आर. हा आकडा आधी कळला तर मोबदल्याचे बोलणे स्पष्ट होते. रुंदी ठरवताना बैलगाडी नव्हे, ट्रॉलीसह ट्रॅक्टर कसा वळेल ते पाहावे. २२ मे २०२५ च्या शासन निर्णयातही शेतरस्त्यासाठी किमान ३ ते ४ मीटर रुंदीचा विचार आहे.

करारनामा ते सातबारा

करारनाम्यात कोणत्या गटासाठी, कोणत्या गटातून, किती रुंदीचा व कोणत्या वापरासाठी रस्ता आहे ते लिहावे. पाइपलाइन न्यायची असल्यास तसा वेगळा उल्लेख करावा. दुरुस्तीचा खर्च व पावसाळ्यातील पाण्याचा निचरा कोणाकडे, हेही ठरवावे. नकाशावर दोन्ही बाजूंच्या सह्या घ्याव्यात. सही झाल्यापासून ४ महिन्यांच्या आत दस्त नोंदणीसाठी सादर करावा.

त्यानंतर ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे (तलाठी) फेरफारासाठी अर्ज द्यावा. नोटिशीची १५ दिवसांची मुदत संपून नोंद प्रमाणित झाल्यावर रस्ता देणाऱ्या गटाच्या सातबाऱ्यावर ‘इतर हक्क’ रकान्यात ती आली का, हे स्वतः पाहावे.

या चुका टाळाव्यात

- स्टॅम्प पेपरवर नोटरी करून थांबणे. नोटरी म्हणजे नोंदणी नव्हे.
- एकाच भावाची सही घेणे.
- भोगवटादार वर्ग २ जमिनीचे निर्बंध किंवा बँकेचा बोजा न तपासणे.
- नकाशा एका रुंदीचा व जागेवर रस्ता दुसऱ्या रुंदीचा ठेवणे.

संबंध चांगले असतानाच मोजणी करून घ्यावी. वाद सुरू झाल्यावर खुणेच्या दगडाजवळ उभे राहायलाही शेजारी तयार होत नाही.