पोचखानवाला, पिलू

(१ एप्रिल १९२३–७ जून १९८६). आधुनिक भारतीय अमूर्त शिल्पकार. जन्म मुंबईतील पारशी कुटुंबात. १९४५ मध्ये वाणिज्य शाखेची पदवी घेऊन त्या जाहिरात व्यवसायात शिरल्या. १९५१ मध्ये कामानिमित्त युरोपला गेल्या, तिथली आधुनिक शिल्पे पाहिली आणि परतल्यावर शिल्पकलेकडेच वळल्या. कलाशाळेत न जाता त्यांनी शिल्पकार ना. ग. पानसरे यांच्याकडे धडे घेतले. फोर्टमधील न्यू इंडिया अ‍ॅश्युरन्सच्या इमारतीवरील भरदार मानवाकृती पानसऱ्यांच्याच. आदी दावियरवाला हेही त्यांचेच शिष्य. अशा मूर्तिकाराच्या हाताखालून मुंबईचे दोन बिनीचे अमूर्त शिल्पकार तयार व्हावेत, याची नोंद आपल्या कलेतिहासाने ठळकपणे घ्यायला हवी होती.

पिलूंच्या लाकूड, दगड व सिमेंटमधील सुरुवातीच्या कामांत मानवी देह ओळखू येतो. पुढे लोखंडी भंगार व पत्रे वेल्डिंगने जोडताना तो हळूहळू विरत गेला.

त्यांचे सर्वांत धाडसी काम अ‍ॅल्युमिनियममधले. थर्माकोल कापून आकार घडवायचा, तो वाळूत पुरायचा आणि त्यावर वितळलेला धातू ओतायचा. थर्माकोल जळून जातो, त्याची जागा धातू घेतो. इथे मूळ नमुना हाती उरत नाही, त्यामुळे ओतकाम फसले की सगळेच गेले. साधले तर मात्र थर्माकोलचा खडबडीत पोत थेट धातूवर उतरतो. धातूला असे हलके, सच्छिद्र रूप देणारी ही शिल्पे फोटोत पाहून कळत नाहीत. त्यांच्याभोवती फिरावे लागते.

१९७९ मध्ये त्यांना ललित कला अकादमीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तरी सर्वसामान्य मुंबईकराला त्यांचे नाव अपरिचितच राहिले. आपल्याकडे चौकातले शिल्प म्हणजे पुतळा. त्याला जयंती असते, हार असतो, राखणारे अनुयायी असतात. हाजी अलीच्या चौकातल्या त्यांच्या ‘स्पार्क’ या अमूर्त शिल्पाला यातले काहीच नव्हते. ते पुढे तिथून हटवले गेले.

स्वतःच्या कामाइतकाच वेळ त्यांनी इतरांच्या कलेसाठीही दिला. साठच्या दशकात ‘बॉम्बे आर्ट फेस्टिव्हल’ उभा करण्यात त्यांचा पुढाकार होता. सर कावसजी जहांगीर हॉलचे कलासंग्रहालय व्हावे म्हणून कलादालनचालक केकू गांधी यांच्यासह त्या झटल्या. तिथे राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय सुरू झाले ते १९९६ मध्ये, त्यांच्या निधनानंतर दहा वर्षांनी. पारशी कलावंतांच्या दीडशे वर्षांचा मागोवा घेणाऱ्या २०१३ च्या प्रदर्शनात त्यांची शिल्पे याच वास्तूत मांडली गेली.