संविधानातला रस्ता वाडीपर्यंत का पोचत नाही?

शहापूर-मुरबाडमधून दोन मोठे डांबरी रस्ते जातात. एक मुंबई-आग्रा महामार्ग, कसारा घाट चढणारा. दुसरा कल्याणहून मुरबाडमार्गे माळशेज घाटाकडे जाणारा. सत्ताधारी याला विकास म्हणतात. आम्ही विचारतो, रस्ता बांधतो कोण आणि तो थांबतो कुठे?

गावगाड्यात महारांच्या वतनी कामांत सरकारी माणसाला वाट दाखवणे, ओझी वाहणे, निरोप पोचवणे ही कामे होती. वाटेवर राबायचे आमच्या पूर्वजांनी, आणि त्याच वाटेवर त्यांचा विटाळ! बाबासाहेबांनी 1928 साली मुंबई कौन्सिलात वतन विधेयक मांडले ते या गुलामीविरुद्ध. पुढे संविधानाच्या कलम 15(2) मध्ये विहिरी, तलाव, स्नानघाट यांच्यासोबत रस्त्यांचाही उल्लेख आला. कलम 23 ने वेठबिगारीवर बंदी घातली. रस्त्यावर चालण्याचा हक्क आणि फुकट न राबण्याचा हक्क, दोन्ही एकाच संविधानाने दिले.

1972 च्या दुष्काळात महाराष्ट्रभर भूमिहीनांनी, त्यातही बायाबापड्यांनी, रस्त्यासाठी खडी फोडली. त्याच घामातून 1977 चा रोजगार हमी कायदा उभा राहिला. 1996 च्या बांधकाम कामगार कायद्याने रस्त्यावरचा मजूरही बांधकाम कामगार ठरला. पण नोंदणीसाठी वर्षात 90 दिवस काम केल्याचा दाखला लागतो. ठेकेदाराने तो दिलाच नाही तर कायदा कागदावरच राहतो.

आता डांबरीकरणाकडे पाहा. खडी-डांबराचे मिश्रण सुमारे 150 अंश सेल्सिअसपर्यंत तापवून अंथरतात आणि गरम असतानाच रोलरने दाबतात. रोलर कडेकडून मध्याकडे फिरवायचा असतो. माल थंड झाला की कितीही फेऱ्या मारा, आत पोकळ्या राहतात. त्यांत पाणी शिरते, डांबर खडीला सोडते आणि पहिल्याच पावसाळ्यात रस्ता उखडतो. मग दोष पावसाला! पाऊस काय यंदाच पडला?

2000 साली प्रधानमंत्री ग्रामसडक योजना आली. निकष होता सपाट प्रदेशात 500 लोकवस्ती, अनुसूचित क्षेत्रात 250. शहापूर तालुका अनुसूचित क्षेत्रात आहे. तरी तीस-चाळीस घरांची कातकरी किंवा ठाकूर वाडी या आकड्यात बसत नाही. तिथली अडलेली बाई मग झोळीतून डांबरी रस्त्यापर्यंत आणावी लागते. माणसाची किंमत डोकी मोजून ठरवणारा हा निकष समतेचा नाही.

तरुणांनो, निवेदने देऊन फोटो काढणे पुरे. 2005 च्या माहिती अधिकार कायद्यात कलम 2(ञ) नुसार कामाची पाहणी करता येते आणि साहित्याचे प्रमाणित नमुनेही मागता येतात. अंदाजपत्रक मागा, मजुरांचे हजेरीपत्रक मागा, डांबराचा नमुना मागा. ग्रामसडकेच्या ठेक्यात पाच वर्षांची देखभाल ठेकेदारावरच असते, हे त्याला आठवण करून द्या.

चवदार तळ्यावर आपण पाण्याचा हक्क बजावला. रस्त्याचा हक्कही मागून नव्हे, हिशेब घेऊनच मिळेल.

जय भीम!