प्रदर्शनातली संध्याकाळ, काठीतली रात्र

२०२२च्या फेब्रुवारीत पुतण्याकडे दुबईला गेलो होतो. तिथे जागतिक प्रदर्शन भरले होते. नाव ‘एक्स्पो २०२०’, पण कोरोनामुळे ते १ ऑक्टोबर २०२१ला सुरू झाले. १९२ देशांनी त्यात भाग घेतला होता. संध्याकाळी मधल्या चौकात पोहोचलो. ६७ मीटर उंच घुमटावर प्रकाशाची चित्रे सरकत होती आणि हजारो माणसे माना वर करून पाहत होती. पुतण्या म्हणाला, “काका, असं आपल्याकडे कुठे आहे?” मी म्हणालो, “काठीला.” तो हसला. उत्तर माझ्या तोंडून सहज निघाले होते. ते कितपत खरे, याचा विचार मात्र नंतर बराच काळ करावा लागला.

जागतिक प्रदर्शनांची रीत १८५१च्या लंडनपासून रुजली. यंत्रे, कापड, धान्य, धातू यांच्यासोबत पुढे माणसेही मांडली जाऊ लागली. १८८९ला पॅरिसमध्ये आयफेल टॉवर उभा राहिला, त्याच प्रदर्शनात आफ्रिकी माणसांची ‘वस्ती’ही प्रेक्षकांसाठी वसवलेली होती.

आपल्या दृष्टीने महत्त्वाचे प्रदर्शन १८८६चे. लंडनच्या साउथ केन्सिंग्टन भागात भरलेल्या ‘कलोनियल अँड इंडियन एक्झिबिशन’ला सुमारे ५५ लाख लोकांनी भेट दिली. संध्याकाळी बागेत विजेचे दिवे लागत, रंगीत कारंजी उडत. ‘इंडियन पॅलेस’ नावाने उभारलेल्या वास्तूच्या अंगणात ३४ हिंदी कारागीर काम करत बसत. राजवाड्यांच्या आवारात पिढ्यान्‌पिढ्या काम करणारे अस्सल कारागीर, अशी त्यांची ओळख करून दिली जाई. प्रत्यक्षात त्यांतले बरेच जण आग्र्याच्या तुरुंगातले कैदी होते. विणकामासारखी कामे ते तुरुंगातच शिकले होते आणि त्यांना घेऊन आलेले डॉ. टायलर हे त्याच तुरुंगाचे अधीक्षक होते. व्हिक्टोरिया राणीने रुडॉल्फ स्वोबोडा या चित्रकाराकडून काही कारागिरांची व्यक्तिचित्रे करवून घेतली. त्यांतला बक्षीराम कुंभार १०२ वर्षांचा असल्याचे सांगितले जाई. ही चित्रे आजही ऑस्बोर्न हाउसमध्ये आहेत. चेहरे अतिशय जिवंत आहेत, पण त्या माणसांना कोणी काही विचारले होते का, हे चित्रांवरून कळत नाही.

याच प्रदर्शनाच्या कामासाठी त्रैलोक्यनाथ मुखोपाध्याय हे बंगाली अधिकारी लंडनला गेले होते. १८८९ साली त्यांचे ‘अ व्हिजिट टू युरोप’ हे पुस्तक निघाले. आपण प्रदर्शन पाहायला आणि दाखवायला आलो, पण इथले लोक आपल्यालाच प्रदर्शन समजून न्याहाळत आहेत, हा अनुभव त्यांनी मिस्किलपणे नोंदवला आहे. त्यांना निदान लिहिता येत होते, आणि ते लिहिलेले छापलेही गेले. अंगणातल्या ३४ जणांपैकी कोणी असे लिहून ठेवल्याचे माझ्या वाचनात आलेले नाही.

आता काठी. नंदुरबार जिल्ह्याच्या अक्कलकुवा तालुक्यातले सातपुड्यातले हे गाव, खानदेशातल्या जुन्या मेवासी संस्थानांपैकी एक. इथली राजवाडी होळी १२४६पासून चालत आल्याचे परंपरा सांगते. जंगलातून उंच बांबू आणून उभारतात, रात्रभर ढोल वाजतात आणि पहाटे होळी पेटते. अंगावर राखेचे ठिपके, कमरेला वाळलेले भोपळे आणि घुंगरू, डोक्यावर मोरपिसांचा टोप असे बावा-बुध्या नाचतात. पाहणाऱ्याला तो वेश वाटतो. नाचणाऱ्यासाठी ते व्रत असते. त्यासाठी त्याने आधी काही दिवस पाळणी केलेली असते, म्हणजे ठरलेले नियम पाळलेले असतात.

वीसेक वर्षांपूर्वी मी तिथे काढलेले एक छायाचित्र छापून आले होते. त्याखालची ओळ माझीच होती : ‘सातपुड्यातील आदिम नृत्य’. त्या माणसाचे नाव मी विचारले नव्हते, पाळणीची चौकशी केली नव्हती. १८८६च्या कारागिरांविषयी वाचताना ती ओळ आठवली आणि पुस्तक मिटून ठेवले. कैद्याला दरबारी कारागीर म्हणणारे ते, आणि व्रतस्थ माणसाला आदिम नर्तक म्हणणारा मी. अंतर फार नव्हते.

दुबईहून परतल्यावर १७ मार्चच्या रात्री पुन्हा काठीला गेलो. कॅमेरे पूर्वीपेक्षा कितीतरी वाढले होते. घुंगरू सोडून टेकलेल्या एका बावाशेजारी बसलो आणि किती दिवसांची पाळणी, असे विचारले. त्याने सांगितले. मग म्हणाला, “भाऊ, फोटो सगळे घेऊन जातात. आणून कोणी देत नाही.”

पुतण्याला दिलेले उत्तर आता मला दुरुस्त करावेसे वाटते. काठीत रात्र आहे, उजेड आहे, दूरदूरहून आलेली माणसे आहेत, पण ते प्रदर्शन नाही. कोणी पाहायला आले नाही तरी तिथली होळी पहाटे पेटणारच. त्या बावाचे नाव आणि पत्ता वहीत लिहून घेतला आहे. जुन्या छायाचित्रातला माणूस कोण, हे तोच शोधून देणार आहे.