उतारवयाचे घर आणि सेगावची झोपडी

‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ अशी आपल्याकडे म्हण आहे. घर बांधण्याचे कष्ट त्या म्हणीत आले. पण बांधलेले घर उतारवयात लहान करण्याचे कष्ट कोणी म्हणीत घातले नाहीत. मुलंबाळं मार्गी लागतात, माळ्यावरची मोठी भांडी वर्षानुवर्षे खाली उतरत नाहीत, जिना चढताना गुडघे कुरकुर करू लागतात, आणि मग हा प्रश्न उभा राहतो. नागपूरच्या महालातला जुना वाडा सोडून कोणी दोन खोल्यांत जातो. खेड्यातला म्हातारा माजघरातून ओसरीवर येतो. हे लहान होणे कसे असावे, याचा एक धडा आपल्या शेजारच्याच वर्धा जिल्ह्यात घडून गेला आहे.

गांधीजींचे साबरमतीच्या काठी हृदयकुंज नावाचे घर होते. १२ मार्च १९३० रोजी ते दांडीयात्रेला निघाले, ते स्वराज्य मिळेपर्यंत तिथे राहायला परतायचे नाही असा निश्चय करून. १९३३ साली त्यांनी तो आश्रमही विसर्जित केला. आता जायचे कुठे? जमनालाल बजाज वर्ध्याचे. १९२० साली नागपूरला काँग्रेसचे अधिवेशन भरले, तेव्हा ते स्वागताध्यक्ष होते, आणि तिथेच त्यांनी गांधीजींना ‘मला आपला पाचवा मुलगा माना’ असा आग्रह धरला होता. या मानलेल्या मुलाच्या गावी गांधीजी आले. आधी मगनवाडीत राहिले. परंतु ग्रामोद्योगाच्या गोष्टी शहरात बसून सांगायच्या, हे त्यांच्या मनाला पटेना.

वर्ध्यापासून सुमारे आठ किलोमीटरवर, जुन्या हिशेबाने अडीच कोसांवर, सेगाव हे खेडे. वस्ती बहुतेक हरिजनांची, आणि मालगुजारी जमनालालजींची. मीराबेन तिथे आधीच जाऊन राहिल्या होत्या. गांधीजींनी जमनालालजींना आपल्या अटी लेखी कळवल्या. झोपडीचा खर्च होईल तितका कमी असावा, शंभर रुपयांच्या वर जाऊ नये. बांची इच्छा असेल तर त्यांनी सोबत यावे, नाहीतर आपण एकटे राहू. ३० एप्रिल १९३६ रोजी ते सेगावला आले. त्या वेळी त्यांचे वय ६६ होते. झोपडी अजून पुरी झालेली नव्हती.

अटी चांगल्या होत्या, पण त्या पाळल्या जाणे कठीण. एकट्याने राहू म्हणणाऱ्या माणसाभोवती माणसे जमली. ‘आदि निवास’ नावाच्या त्या पहिल्या घरात एकाच मोठ्या खोलीत गांधीजी, कस्तुरबा, सहकारी, पाहुणे असे सगळे राहत. खान अब्दुल गफारखानही तिथे राहून गेले. महादेवभाई देसाई तर सुरुवातीला मगनवाडीहून रोज पायी येत आणि पायी परत जात. त्याच वर्षी पावसाळा संपता संपता गांधीजींना हिवताप आला आणि वर्ध्याच्या सरकारी दवाखान्यात राहावे लागले. साधे घर म्हटले की डास चावत नाहीत, असे थोडेच आहे!

या घरात सर्वांत जास्त अडचण कोणाची झाली? कस्तुरबांची. पुरुषांच्या गर्दीत त्या वयाच्या बाईला स्वतःचा कोपरा नव्हता. ही गोष्ट जमनालालजींच्या ध्यानात आली आणि त्यांनी जवळच बांसाठी वेगळी कुटी बांधून दिली. ती ‘बा कुटी’ आजही उभी आहे. घर लहान करताना घरातल्या बाईला काय लागते, हे आधी विचारावे. सेगावात ते मागाहून सुचले.

आज ज्या घराला आपण ‘बापू कुटी’ म्हणतो, ते मुळात मीराबेनचे होते. गांधीजींची प्रकृती बिघडू लागली, रक्तदाब वाढू लागला, तेव्हा त्यांना तिथे हलवले. मातीच्या भिंती, बांबू आणि लाकूड, वर कवेलू. भिंतीवर मीराबेननी मातीतच उठवलेली ताडाची झाडे. आत बसायला चटई आणि एक बुटके मेज. सामान इतके कमी. पण आजारी माणसाला निजायला वेगळी जागा आहे आणि न्हाणीघर ऐसपैस आहे. म्हाताऱ्या शरीराला जे लागते, त्यात काटकसर केलेली नाही. काटकसर केली ती दिखाव्यात. १९७८ साली इव्हान इलिच हे विचारवंत सेवाग्रामला आले आणि या कुटीत बसून राहिले. त्यांनी आतल्या वापराच्या सात जागा मोजल्या. सामानसुमान ठेवायची इमारत वेगळी आणि माणसाने राहायचे घर वेगळे, असे त्यांचे सांगणे होते.

घर लहान झाले, पण दार लहान झाले नाही. १९३९ साली परचुरे शास्त्री हे संस्कृत पंडित महारोगाने पिडलेले आश्रमात आले. गांधीजींनी आपल्या जवळच त्यांना कुटी दिली आणि स्वतःच्या हातांनी त्यांची शुश्रूषा केली. सेगाव आणि शेगाव या नावांच्या घोळात टपाल भलतीकडे जाई, म्हणून १९४० साली गावाचे नाव सेवाग्राम झाले. १९४६ च्या ऑगस्टमध्ये गांधीजी तिथून दिल्लीला गेले, ते पुन्हा परतले नाहीत.

आता कोणी म्हणेल, आमचं घर मुळातच एका खोलीचं, आम्ही आणखी लहान काय करणार? बोलणे रास्त आहे. गांधीजींच्या पाठीशी जमनालालजी होते, तसे सर्वांच्या पाठीशी नसतात. गरिबीने लहान राहिलेले घर आणि आपखुषीने लहान केलेले घर यांची गल्लत करू नये. तशीच आणखी एक गल्लत आपल्या गावोगावी होते. म्हाताऱ्याची खाट माजघरातून ओसरीवर येते, ओसरीवरून गोठ्याशेजारी जाते, आणि लोक म्हणतात, ‘त्यांना आता काय लागतं?’ याला साधेपणा म्हणत नाहीत. सेगावची झोपडी मोठी ठरली, कारण तिथे जाण्याचे त्या वृद्धाने स्वतः ठरवले होते, आणि उरलेले काम समोर ठेवून ठरवले होते.

शिक्षक मंडळी मुलांची सहल सेवाग्रामला नेतात. त्यांनी एवढे अवश्य करावे. मुलांना बापू कुटीसोबत बा कुटीही दाखवावी. आणि घरी गेल्यावर आजीआजोबांना विचारायला सांगावे, ‘तुम्हाला घरात कुठं बसायला आवडतं?’ उत्तर येईल, ती जागा त्यांची.